'आई फार्मवर आहे' म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका कुटुंबाला मुलीसाठी गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घ्यायचं आहे. ऑनलाइन जाहिरातीत चाळीस दिवसांचं पिल्लू 'विदाउट केसीआय', म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वंशावळीच्या दाखल्याविना, १२ हजारांना आणि 'विथ केसीआय' २२ हजारांना मिळतंय. विक्रेता हायवेवरच्या एका हॉटेलपाशी पिल्लू आणून द्यायला तयार आहे. पिल्लाची आई बघता येईल का असं विचारल्यावर उत्तर आलं, "आई फार्मवर आहे, तिकडे बाहेरच्या माणसांना सोडत नाही, इन्फेक्शन होतं." पपी फार्म, म्हणजे माद्या पिंजऱ्यात ठेवून विक्रीसाठी पिल्लं काढत राहणं, हा प्रकार परदेशातलाच की आपल्याकडेही असतो, आणि हे पिल्लू घ्यावं की नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटचं आधी सांगते. हे पिल्लू घेऊ नका, आणि ते स्वस्त आहे की महाग याच्याशी या उत्तराचा काही संबंध नाही. मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे. पिल्लू घेऊन आलेल्या माणसांना मी नेहमी एकच प्रश्न आधी विचारते, "आई बघितलीत का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. फोटो बघितलेला असतो, व्हिडिओ बघितलेला असतो, वडिलांचा शोमधला कप घेतलेला फोटोसुद्धा असतो. आई कुणी बघितलेली नसते. आणि पपी फार्ममधला सगळा छळ तिच्याच वाट्याला आलेला असतो. पिल्लू काही आठवड्यांत तिथून सुटतं. ती वर्षानुवर्षं तिथेच राहते.

आपल्याकडे हे आहे का? आहे. फक्त त्यावर 'फार्म' अशी पाटी नसते. शहराबाहेरच्या भाड्याच्या शेडमध्ये, बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याखाली, कधी फ्लॅटच्या बंद बाल्कनीत पिंजऱ्यावर पिंजरा रचून हे चालतं. मोठ्या शेडमध्ये पाच-सहा जातींच्या माद्या असतात. छोट्या प्रमाणात करणारे तर आणखी सोपी वाट काढतात: मादी कुणाच्या तरी घरी ठेवायची, खर्च त्यांनी करायचा आणि पिल्लं वाटून घ्यायची. त्या घरातल्या माणसांना वाटतं आपल्याला फुकट लॅब मिळाली. प्रत्येक माजाला 'क्रॉसिंग'साठी ती उचलून नेली जाते.

अशी एक लॅब्राडोर माझ्याकडे आली होती. पिल्लं होणं थांबल्यावर कुणीतरी तिला रस्त्याकडेला सोडून दिलं होतं, आणि एका तरुण जोडप्याने गाडीत घालून ती आणली. चेहऱ्यावरून म्हातारी वाटत होती, पण डोळे आणि बाकीची तपासणी बघता सहा-सात वर्षांच्या पलीकडची नव्हती. तिचे सुळे मागच्या बाजूने खाचा पडल्यासारखे झिजले होते. हाड चघळून दात असे झिजत नाहीत. पिंजऱ्याचा गज सुळ्यांच्या मागे अडकवून तो रोज ओढत राहिलं की अशीच झीज होते. कोपरांवर केस नव्हते, काळे जाड घट्टे होते, कारण ती सिमेंटवर झोपत आली होती. नखं वाढून आत वळलेली, शेपटीखालची कातडी लघवीत बसून लाल झालेली, सड लोंबून ओघळलेले. टेबलावरून खाली उतरवून दवाखान्यामागच्या गवतावर नेली तर पाय उचलून उभी राहिली. पायाखाली गवत तिला माहीतच नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात पू सापडला, त्याच दिवशी ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागलं. नसबंदी न झालेल्या, वय वाढत चाललेल्या कोणत्याही मादीला हे होऊ शकतं, पण घरातली मादी एक दिवस जेवली नाही तर कुणीतरी लक्ष देतं. पिंजऱ्यातली गप्प पडून राहते.

ती जगली, त्या जोडप्याकडेच राहिली. पण तिच्यानंतर त्या पिंजऱ्यात दुसरी मादी आली असणार, हे मला माहीत आहे.

यामागचा हिशोब तुमच्या जाहिरातीतल्या भावानेच करून बघू. गोल्डन किंवा लॅब मादीला एका वेळी सात पिल्लं झाली तर १२ हजारांनी ८४ हजार होतात. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की ६३ दिवसांच्या आसपास विते. दोन्ही माज लावले तर एका मादीमागे वर्षाला १ लाख ६८ हजार. आता चांगल्या ब्रीडरचा खर्च बघा. एक माज सोडायचा, मेटिंगआधी तपासण्या करायच्या, गाभण मादीला आणि पिल्लं खायला लागल्यावर त्यांनाही चांगला आहार, दर पंधरवड्याला जंतांचं औषध, लस, मायक्रोचिप, आणि पिल्लं पूर्ण आठ आठवडे आईजवळ. हे सगळं केलं तर त्या भावात हाती फार काही उरत नाही. म्हणून फार्मवाला यातलं एकेक कापत जातो, आणि पहिला कापला जातो तो वेळ. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पिल्लं खूप खातात, खूप घाण करतात, लसीचा खर्च सुरू होतो. त्याआधीच ती विकली गेलेली त्याला बरी. जाहिरातीत पिल्लाचं वय आठवड्यांऐवजी 'चाळीस दिवस', 'पस्तीस दिवस' असं दिवसांत येतं, ते यामुळेच.

सांगितलेलं वयसुद्धा पुष्कळदा खरं नसतं. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत २८ च्या २८ आलेले असतात. 'पंचेचाळीस दिवसांचं' म्हणून आणलेल्या पिल्लाचं तोंड उघडावं तर दाढांच्या जागी नुसती हिरडी असते. ते धड महिन्याचंही नसतं. त्याने अजून आईचं दूध प्यायला हवं, भावंडांना चावून त्यांच्याकडून चावून घ्यायला हवं. कुठवर चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे ते तिथेच शिकतं. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाचा पाया असतो. त्यातला पहिला अर्धा अंधाऱ्या शेडमध्ये आणि मग कार्टनमध्ये गेला, तर पुढे फटाके, पाहुणे, मुलं, इतर कुत्री या सगळ्यांना भिणारं आणि भीतीपोटी चावणारं कुत्रं तयार होतं. 'चावकं निघालं' म्हणून तेच मग सोडून दिलं जातं.

आणि पार्वो, पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार. पिल्लू घेणाऱ्यांपैकी ज्यांनी तो भोगला आहे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. पिल्लू घरी येतं, दोन-तीन दिवस छान खेळतं. मग जेवण सोडतं, उलट्या, त्यानंतर रक्ताचे दुर्गंधी जुलाब. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे घरी आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजारी पडलेल्या पिल्लाने तो आजार विकणाऱ्याकडूनच किंवा वाटेतून आणलेला असतो. विक्रेता मात्र फोनवर "तुम्ही काय खायला घातलंत?" असं उलट विचारतो. सलाईन, अँटिबायोटिक्स, उलटी थांबवण्याची इंजेक्शनं, रात्र-रात्र दवाखान्यात. वाचलं तरी पिल्लाच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होतो, आणि सगळी वाचत नाहीत. मुलांसमोर हे घडतं, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. विक्रेत्याने 'रिप्लेसमेंट' म्हणून दुसरं पिल्लू देऊ केलं तर घेऊ नका. पार्वोचा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, ब्लीचच लागतं. लशीचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणणं म्हणजे त्यालाही त्याच तोंडी देणं.

"पण पहिली लस झालीये, कार्ड आहे," असं विक्रेता म्हणेल. कार्ड हातात घ्या. प्रत्येक डोससमोर लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी डॉक्टरची सही, शिक्का आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. त्या डॉक्टरला फोन करा, आम्हाला त्याचा राग येत नाही. स्टिकर नसेल, नुसती पेनाने तारीख टाकलेली असेल, तर लस झालेली नाही असंच धरून चाला. आणि चौथ्या आठवड्यात दिलेल्या लशीचा भरवसा नसतो, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ती लस निकामी करते. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आणि मग सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, असा क्रम असतो.

केसीआयच्या कागदाबद्दल मोठा गैरसमज आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया चेन्नईची. तिचा दाखला म्हणजे पिल्लाच्या आईवडिलांची आणि वंशावळीची नोंद. आई किती वेळा व्यायली, कशी ठेवली, पिल्लाचे खुबे कसे आहेत, हे तो कागद सांगत नाही. एकाच वेतातलं पिल्लू कागदासकट एक भाव आणि कागदाविना दुसरा, असा सौदा समोर आला की मला तरी पहिली शंका येते ती कागद दुसऱ्याच वेताचा असल्याची. दाखल्यावर मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर असतो. दवाखान्यात स्कॅनर फिरवून तो पिल्लाच्या मानेतल्या चिपशी जुळवून बघता येतो. जुळेपर्यंत पैसे पूर्ण देऊ नका.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या, कारण विक्रेत्याशी बोलताना त्याचा उपयोग होतो. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केंद्राने २०१७ साली अधिसूचित केले. त्यानुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिचं मेटिंग करायचं नाही, आठ वर्षांनंतर करायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांत करायचं नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप झालेली हवी. शेपटी कापणं, कान कापणं यांवरही बंदी आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, त्यांनाही नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे तुम्हाला देऊ केलेलं चाळीस दिवसांचं पिल्लू मुळातच नियमाबाहेर आहे. विक्रेत्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो काय बोलतो ते ऐका.

पण कायद्यावर विसंबून बसू नका. ज्या मूळ कायद्याखाली हे नियम आहेत तो १९६० चा. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजतागायत तसाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणं किंवा कायमचं जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण मादीला वर्षानुवर्षं पिंजऱ्यात विण्यासाठी ठेवणं या कलमात बसवणं अवघड जातं. त्यामुळे गिऱ्हाईक काय करतं याचा परिणाम सध्या दंडापेक्षा जास्त होतो.

ब्रिटनमध्ये हे घडलेलं दिसतं. २०१३ साली वेल्समधल्या एका पपी फार्ममधून लूसी नावाची कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल मादी सुटली. सतत विण्याने आणि खुराड्यात राहून तिचा कणा वाकला होता, खुबे आखडले होते. २०१६ मध्ये ती गेली, पण मार्क एब्रहॅम या पशुवैद्यकाने आणि इतरांनी तिच्या नावाने मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लूसीज लॉ लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालाने किंवा दुकानाने विकायला बंदी आहे. ते जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून, ज्याने वाढवलं त्यानेच विकायचं. नियम साधा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्याने आईला गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आणलं. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. स्वतःपुरता तो नियम आपण आज पाळू शकतो.

तर आई बघायची म्हणजे काय बघायचं? फसवणारे तिथेही फसवतात, कुठलीतरी धडधाकट मादी आणून बसवतात. नुकती व्यायलेली मादी थोडी उतरलेली असते, केस गळत असतात, सड सुजलेले किंवा ओघळलेले दिसतात. पिल्लं सोडली की ती तिच्या पोटाखाली घुसतात. आईने गुरगुरून दूर केलं तरी घुसतात. पिल्लांकडे ढुंकूनही न बघणारी, सपाट पोटाची चकचकीत मादी आई नसते. मग ती ब्रीडरकडे कशी बघते ते बघा. शेपटी हलवत जाते की अंग चोरते? ती रोज झोपते ती जागा दाखवायला सांगा, बैठकीच्या खोलीत आणून दाखवलेली पुरणार नाही. हे तिचं कितवं वेत, मागचं कधी झालं, ती आठ वर्षांची झाल्यावर कुठे राहणार, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला चांगला ब्रीडर पटकन उत्तर देतो, बहुधा आपल्या घरातली म्हातारी कुत्री दाखवूनच.

गोल्डन आणि लॅबमध्ये खुब्याचे आणि कोपराचे आजार वंशातून येतात, म्हणून आईवडिलांचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. सगळ्यांकडे नसतील. पण प्रश्न ऐकून कुणी "अहो, हेवी बोन आहे, काही होत नाही" असं म्हणालं तर तिथून निघा. हेवी बोन, पंच फेस, शो क्वालिटी हे विक्रीचे शब्द आहेत, त्यांचा तब्येतीशी काही संबंध नाही. चांगल्या ब्रीडरकडे बारा महिने पिल्लं नसतात, दहा जाती तर नसतातच. तुम्हाला थांबावं लागेल, नाव लिहून ठेवावं लागेल, आणि तो उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारेल: घरात दिवसभर कोण असतं, कितव्या मजल्यावर राहता, मुलगी दोन वर्षांनी शिकायला बाहेरगावी गेली तर कुत्र्याचं काय. मनावर घेऊ नका. ज्याला पिल्लाची काळजी आहे तोच हे विचारतो.

एखादी जात मनात भरते ती कुठून, याचाही जरा विचार करा. २००३ मध्ये हच मोबाईलच्या जाहिरातीत पग आला आणि पगांची मागणी इतकी वाढली की ज्याच्याकडे मादी होती तो ब्रीडर झाला. चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात श्वास कोंडलेले पग आम्ही त्यानंतर वर्षानुवर्षं ऑक्सिजनवर ठेवत आलो. हस्कीचं तेच झालं, मुंबईच्या दमट हवेत. ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मधून पंतप्रधानांनी देशी जातींचं कौतुक केलं, मुधोळला गिऱ्हाइकं वाढली. मुधोळ आणि कारवान आपल्या हवेतली काटक, सुंदर जनावरं आहेत, पण त्यांनाही मोकळं पळायला माळ लागतो, आणि त्यांच्या माद्याही पिंजऱ्यात तितक्याच दुःखी असतात. जात देशी म्हणून प्रश्न विचारायचे सोडू नका.

आता ज्या गोष्टीवर भली माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती. जागा बघायला गेलात, पिंजरे दिसले, पिल्लू थरथरत होतं, आणि "निदान एकाला तरी सोडवू" म्हणून पैसे देऊन घेऊन आलात. मला ती भावना पूर्ण कळते. पण फार्मवाल्याच्या वहीत ती विक्रीच असते. त्या पैशात पुढचं मेटिंग होतं, आणि आई तिथेच राहते. रिकाम्या हाताने परत या. जमेल तसे फोटो-व्हिडिओ घ्या, पत्ता, फोन नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राज्य प्राणी कल्याण मंडळ, जिल्ह्याची एसपीसीए (प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था) आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे लेखी तक्रार द्या. स्थानिक प्राणिमित्र संस्था सोबत असेल तर तक्रार पुढे सरकते. एकट्याने आत घुसून वाद घालू नका, त्याने पिंजरे रातोरात दुसरीकडे हलतात.

आणि पिल्लूच हवं का, गोल्डनच हवा का, हेही घरात बोला. निवारा केंद्रांमध्ये दोन-तीन वर्षांचे लॅब, गोल्डन सापडतात, मालकाची बदली झाली, बाळ झालं, सोसायटीने त्रास दिला म्हणून सोडलेले. ते शी-शू शिकलेले असतात, त्यांचा स्वभाव समोर दिसतो, आणि पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराला असं मोठं कुत्रं पिल्लापेक्षा सोपं जातं. गावठी पिल्लू तर तुमच्याच गल्लीत मिळेल. तेही आठ आठवड्यांच्या आत आईपासून उचलू नका, आणि जमलं तर त्याच्या आईची नसबंदी करून द्या. 'फ्री ॲडॉप्शन, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे' अशा जाहिराती जातिवंत पिल्लांच्या फोटोंखाली दिसल्या तर दूर राहा. ती एक तर लपवलेली विक्री असते किंवा ॲडव्हान्स घेऊन गायब होणारा भामटा.

तुमच्या त्या विक्रेत्याला एवढंच कळवा: आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही तुमच्या जागेवर येऊ, आई आणि भावंडं बघू, नोंदणी क्रमांक आणि चिप तपासू, मग ठरवू. तो तयार झाला तर जा, आणि वर सांगितलेलं सगळं बघा. तो "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज टोकन पाठवा" म्हणाला तर नंबर ब्लॉक करण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तक्रारीला लागेल. पिल्लू शेवटी कुठूनही आणलंत तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, सोबत शीचा नमुना न्या, आधीचंच खाणं आठवडाभर चालू ठेवा. लशी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर फिरवा. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर, आणि महापालिकेचा परवाना त्याच महिन्यात काढून घ्या.